लाभ, दोन, तीन

माझी बदली बंगळूरला झाली, त्या हिवाळ्यात आमच्या डेपोत सगळे सगळ्यांवर संशय घेत होते. उत्तर सीमेवरची लढाई नुकतीच थांबली होती. गेटवर सायकलींचे पंप उघडून पाहिले जात. मेसमध्ये फलक लागला होता: कमी बोला. आमच्या कुकने तो वाचला आणि जेवणात काय आहे हे सांगणेच बंद केले. एका एअरमनने घरच्या पत्रात इथे थंडी आहे असे लिहिले, तर हवामानाची माहिती बाहेर का पाठवतोस म्हणून त्याला ऑफिसात बोलावले गेले.

मला हे फार आवडले. शाळेपासून मला नाटकाचे वेड. इथे तर रोज सकाळी साडेसातला पडदा वर जात होता आणि तिकीट लागत नव्हते.

मी तेवीस वर्षांचा कॉर्पोरल होतो. ट्रेड, इन्स्ट्रुमेंट फिटर. गाव बेळगावशेजारी, आडनाव कंग्राळकर. एअर फोर्समध्ये हे आडनाव कोणालाही धड उच्चारता आले नाही. पहिल्याच आठवड्यात माझा कांगारू झाला आणि नोकरी सोडली त्या दिवशीही मी कांगारूच होतो.

आता थोडे तांत्रिक. घाबरू नका, मी फिटर आहे, मास्तर नाही.

सीमेवरच्या डोंगरांत छोट्या धावपट्ट्या होत्या. तिथून दोन माणसांची हलकी विमाने उडत. निरोप न्यायचे, आजारी आणि जखमी जवान आणायचे, हे त्यांचे काम. ढगात शिरल्यावर वैमानिकाला डावे-उजवे कळत नाही. शरीर खोटे सांगते. त्याला खरे सांगणारे एक उपकरण असते, टर्न इंडिकेटर. त्याच्या पोटात एक छोटे चाक गरगर फिरत असते. या जुन्या विमानांत ते चाक वाऱ्यावर फिरे. विमानाच्या अंगाला बाहेरून एक छोटा कर्णा बसवलेला असे. त्यातून वारा गेला की नळीतली हवा ओढली जाई आणि चाक फिरे. थंड ढगात या कर्ण्यात बर्फ साचे. बर्फ साचला की चाक मंदावे. काटा मधोमध शांत उभा राही आणि वैमानिकाला वाटे, आपण सरळ चाललो आहोत.

उपाय आमच्याच स्टोअरमध्ये पडून होता. विजेवर चालणारे टर्न इंडिकेटर, खोकीच्या खोकी. अडचण एकच. ते चोवीस व्होल्टचे होते आणि या विमानांची बॅटरी बारा व्होल्टची.

आमच्या इन्स्ट्रुमेंट बेचे, म्हणजे उपकरणे दुरुस्त करायच्या खोलीचे, प्रमुख होते फ्लाइट लेफ्टनंट माथुर. त्यांनी व्होल्टेज बूस्टर बनवायचे ठरवले. पुठ्ठ्याच्या चहाच्या डब्याएवढी पेटी. आत एक ट्रान्सफॉर्मर, दोन ट्रान्झिस्टर, थोडे सटरफटर. एका बाजूने बारा व्होल्ट आत, दुसऱ्या बाजूने चोवीस बाहेर. दोन ट्रान्झिस्टर म्हणजे झोपाळ्याच्या दोन बाजूंना उभी असलेली दोन माणसे. एकाने इकडून धक्का द्यायचा, मग दुसऱ्याने तिकडून. प्रत्येकाचे ट्रान्सफॉर्मरवर स्वतःचे वाइंडिंग, तांब्याच्या तारेचे चाळीस-चाळीस वेढे. दोन्ही वाइंडिंग अगदी सारखी हवीत. एवढे लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

ट्रान्झिस्टर तेव्हा परदेशातून येत. आमच्याकडे तीस होते. माथुर ते कापसात गुंडाळून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवत आणि किल्ली जानव्याला बांधत.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे काम वेंकोबा रावांचे. ते सिव्हिलियन. वय पन्नाशीच्या पुढे, डेपोत बावीस वर्षे, डोक्यावर काळी टोपी, कपाळाला गंध. घराणे मराठी, पण बंगळूरला येऊन इतक्या पिढ्या झालेल्या, की मूळ गाव कोणते हे त्यांनाही माहीत नव्हते. आजोबांचे पेटेत, म्हणजे जुन्या बाजारात, धान्याचे दुकान. आता घर बसवनगुडीला. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड असे. थोडे थांब म्हणायचे तर "स्वल्प थांब." बरे म्हणायचे तर "सरी." मला ते तम्मा म्हणत, धाकटा भाऊ. मी त्यांना अण्णा म्हणत असे आणि बिलेटमध्ये, म्हणजे आमच्या बराकीत, परत गेल्यावर त्यांची नक्कल करत असे. नक्कल फार उत्तम होई.

अण्णा मोजत मोठ्याने. डाव्या हातात तार, उजव्या हाताने हँडल, आणि तोंडाने: "लाभ, दोन, तीन, चार..." दहा झाले की पत्र्याच्या डबीतून एक चिंचोका काढून बाजूला ठेवायचे आणि पुन्हा "लाभ"पासून सुरू करायचे. चार चिंचोके झाले की चाळीस वेढे. हा लाभ माझ्या ओळखीचा होता. आमच्या खळ्यावर धान्य मापताना वडील पहिले माप टाकताना तेच म्हणत. म्हणून मी काही विचारले नाही.

पहिली पेटी अण्णांनी एकट्याने गुंडाळली. ती चाचणीसाठी न्यायला सीमेवरच्या एका धावपट्टीवरून एक वैमानिक आले होते. फ्लाइंग ऑफिसर पेमय्या. कोडगूचे, उंच, सावकाश बोलणारे. कोणत्याही उपकरणावर त्यांचा विश्वास नसे. काचेवर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि काटा हलला तरच त्याच्याकडे बघायचे.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही उडालो. पेमय्या पुढे, मी मागे, पेटी माझ्या मांडीवर. बाहेरच्या कर्ण्यावर त्यांनी टेप चिकटवला होता, म्हणजे जुना इंडिकेटर मेलेला. नवा पेटीवर चालला होता. आता ही पेटी चालताना बारीक शिट्टीसारखा आवाज करी. तो रेडिओवरही गेला.

"टॉवर, टेस्ट वन. एअरबोर्न."

"टेस्ट वन, टॉवर. तुमच्याकडे कोणीतरी शिट्टी वाजवतंय. त्याला गप्प करा."

पेमय्यांनी मान वळवली. "कांगारू?"

"मी नाही, सर. पेटी."

"टॉवर, टेस्ट वन. पॅसेंजर शिट्टी वाजवतोय. गप्प बसणार नाही म्हणतो. आउट."

चाळीस मिनिटे त्यांनी विमान असे डावीकडे-उजवीकडे टाकले, की माझी न्याहारी मला परत भेटायला आली. नवा काटा प्रत्येक वळणाला बरोबर होता. उतरल्यावर पेमय्यांनी काचेवर दोनदा टकटक केली आणि पेटीचे नाव ठेवले डास. म्हणाले, हा डास मी आजच घेऊन जातो, बाकीचे मागून पाठवा. माथुर म्हणाले, ऑर्डर बारांची आहे, बाराही शुक्रवारी तपासून एकदम देतो, तोवर बंगळूर बघा. पेमय्या थांबले.

सोमवार ते गुरुवार, अकरा पेट्या. अण्णांना एकट्याला ते शक्य नव्हते. म्हणून माथुरांनी काम वाटून दिले. तार गुंडाळायच्या रिळाला, म्हणजे बॉबिनला, दोन कप्पे होते. डाव्या कप्प्यातले वाइंडिंग सकाळी अण्णांनी करायचे, उजव्या कप्प्यातले दुपारी मी. अण्णांनी मला अर्ध्या दिवसात हात बसवून दिला. तार किती ओढायची, वेढ्याला वेढा कसा लावायचा, दहाला चिंचोका. एकाच टेबलावर दोघांनी मोठ्याने मोजले तर दोघेही चुकतील, म्हणून मी मनात मोजायचे ठरले. प्रत्येक बॉबिनशेवटी मी चिंचोके बघायचो. डावीकडे चार, उजवीकडे चार. रजिस्टरवर माझी सही.

शुक्रवारी दहा वाजता चार पेट्या बेंचवर चालू केल्या. दहा वाजून वीस मिनिटांनी रंग जळाल्याचा वास आला. पहिल्या पेटीतला डावा ट्रान्झिस्टर गेला होता. दहा एकतीसला दुसऱ्या पेटीतला. डावा. अकराच्या आत चारही पेट्या गेल्या. चारही वेळा डावा. उजव्या ट्रान्झिस्टरांना मी बोट लावून पाहिले. थंडगार.

माथुरांनी विचारले, डावे वाइंडिंग कोणाचे?

"वेंकोबा रावांचे, सर," मी म्हणालो. प्रश्न पुरा होण्याआधीच म्हणालो.

हिशेब कोणालाही दिसण्यासारखा होता. पहिली पेटी या माणसाने एकट्याने केली, ती उत्तम चालली. म्हणजे त्याला काम येते. मग पुढच्या पेट्यांत त्याचीच बाजू का जळते? तीही ऑर्डर सीमेवर जायची असताना?

साडेअकराला सिक्युरिटीचे फ्लाइट सार्जंट नायर आले. किरकोळ अंगाचे, हातात इंचभर पेन्सिल. ते ओरडत नसत. ते लिहीत. त्यांनी अकराही पेट्या सील केल्या. मग अण्णांची डबी उघडली आणि चिंचोके मोजले. एकसष्ट. त्यांना एकसष्ट हा आकडा आवडला नाही. डबीही सील झाली.

मग त्यांनी मला एकट्याला बाजूला घेतले. मला त्याची भाषा येते ना? गुंडाळताना तो काहीतरी पुटपुटतो असे कळले आहे. काय पुटपुटतो?

"प्रॉफिट, सर."

पेन्सिल थांबली. "किती वेळा?"

"दर दहा वेढ्यांना एकदा."

"कोणाचा प्रॉफिट?"

"ते तो सांगत नाही, सर."

पुढचे वाक्य माझ्या जिभेवर होते. दुकानदारांची मोजायची पद्धत आहे, एवढेच म्हणायचे होते. मी म्हणालो नाही. नायरांचा चेहरा इतका सुंदर झाला होता, की तो मोडायला माझे मन होईना. नाटकात असा क्षण आला की नट गप्प राहतो. मी नट होतो.

शनिवारी सकाळी पेमय्या माथुरांच्या टेबलापाशी उभे होते. दुपारी दोनच्या मालवाहू विमानाने त्यांना परत जायचे होते. त्यांचे म्हणणे साधे होते. या अकरा पेट्या ठेवून घ्या, पहिली चांगली आहे, मी स्वतः उडवली आहे, ती द्या. माथुरांना ते पटत होते.  माथुर माझ्याकडे वळले.

"कांगारू, पहिली चालेल?"

मी जरा थांबलो. थांबण्याची गरज नव्हती, पण थांबल्याने वाक्य उठून दिसते.

"चालेल, सर. पण ज्याने चार बेंचवर जाळल्या, त्याने पहिली हवेत जळायला ठेवली नसेल कशावरून?"

 नायरांनी मान हलवली आणि लिहून घेतले. पहिली पेटीही लाखेचे सील लागून काचेच्या कपाटात गेली. पेमय्या कपाटापर्यंत गेले, काचेवर दोनदा टकटक केली आणि म्हणाले, "शिट्टी चांगली वाजवायचा." मग बॅग उचलून निघाले. माझे वाक्य त्या दिवशी मला फार आवडले होते. बिलेटमध्ये मी ते दोनदा सांगितले.

सील तोडून तपासायला वरून परवानगी हवी होती. ती यायला आठवडा गेला. तो आठवडा अण्णा बेच्या दाराबाहेर एका स्टुलावर बसून होते. हत्याराला हात लावायचा नाही, आत यायचे नाही, सुटी होईपर्यंत घरीही जायचे नाही. गेटवर त्यांच्या डब्यातला भात काटक्या खुपसून बघितला जाई. चौकशीत दोष निघाला तर नोकरी जाणार आणि वर पोलीस केस होणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांच्याजवळून जाताना लोक बुटाची नाडी बघत चालत.

बुधवारी कँटीनमध्ये त्यांनी नेहमीप्रमाणे बाय-टू कॉफी घेतली. एका कॉफीचे दोन पेले, अर्धी त्यांची, अर्धी माझी, असा आमचा रिवाज होता. त्यांनी माझा पेला पुढे सरकवला. मी म्हणालो, माझी झाली आहे. झाली नव्हती.

त्यांनी आपला पेला संपवला. मग म्हणाले, "तम्मा, शत्रूचा माणूस म्हणतात मला. म्हणू देत. ते काय, दिवसच तसे आहेत. पण तू माझ्या शेजारी बसलास. मी चाळीस मोजायला चुकेन, असं तुला वाटतं का रे?"

मी म्हणालो, चौकशीत कळेल.

"सरी," ते म्हणाले. माझा पेला तसाच ठेवून स्टुलावर जाऊन बसले.

त्याच्या पुढच्या सोमवारी नऊ वाजता सील तोडले. हजर चौघे. माथुर खुर्चीत, नायर पेन्सिल घेऊन, अण्णा भिंतीशी उभे, आणि बेंचवर मी. मी तार उलगडायची आणि नायरांनी इंग्रजीत मोजायचे. आधी जळालेली बाजू, म्हणजे डावी.

"थर्टी-नाइन. फॉर्टी." बॉबिन रिकामी झाली. चाळीस.

नायरांनी दुसरी पेटी दिली. चाळीस. तिसरी. चाळीस. तार कुठे खरवडलेली नव्हती, कुठे तुटलेली नव्हती. इतके नेटके वाइंडिंग मी नंतरच्या नोकरीत पाहिले नाही. नायरांच्या तोंडावर, नाटक मध्येच बंद पडल्यावर प्रेक्षकाच्या तोंडावर येते तसे काहीतरी आले.

माथुर म्हणाले, "आता उजवी."

"उजवी माझी आहे, सर."

"आय नो."

मी उलगडायला लागलो. थर्टी-एट. थर्टी-नाइन. फॉर्टी. बॉबिनवर अजून तार होती. नायरांनी माझ्याकडे पाहिले आणि मोजत राहिले. फॉर्टी-फोरला तार संपली. दुसरी पेटी, चव्वेचाळीस. तिसरी, चव्वेचाळीस.

माथुर उठले आणि फळ्यावर खडूने काढून बघू लागले. दोन मिनिटांत त्यांच्या लक्षात आले. जिथे वेढे कमी, तिथून निघणारे व्होल्टेज जास्त. ज्याचे व्होल्टेज जास्त, सगळा भार त्याच्यावर. झोपाळ्याला एकच माणूस धक्का देत होता, दुसरा नुसता हात लावून उभा होता. म्हणून बरोबर असलेली बाजू जळत होती आणि चुकलेली थंड राहत होती. जाड तारेच्या चार वेढ्यांचा फरक आमच्या मीटरला दिसणारा नव्हता, आणि चिंचोके तर दोन्हीकडे चारच होते.

नायरांची नजर आता माझ्यावर होती. दहा दिवस मी त्यांच्या चेहऱ्याची मजा घेतली होती. आता पाळी त्यांची होती.

माथुर म्हणाले, "कांगारू, कसं मोजलंस ते मोजून दाखव. मोठ्याने."

डबीचे सील फोडले. मी रिकामी बॉबिन लावली आणि हँडल फिरवले.

"लाभ. एक. दोन. तीन. चार..."

"स्वल्प थांब," मागून अण्णा म्हणाले. दहा दिवसांत ते प्रथमच त्या खोलीत बोलले. "पुन्हा म्हण."

"लाभ. एक. दोन."

अण्णा परवानगी न घेता खुर्चीत बसले. "अरे तम्मा, लाभ म्हणजेच एक की रे. तोंडातून पहिल्यांदा एक काढायचा नाही, म्हणून लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन."

"आमच्याकडे पहिलं माप देवाचं, अण्णा," मी म्हणालो. "वडील ते लाभ म्हणून बाजूला काढतात. ते मोजत नाहीत. एक त्याच्यानंतर."

"देवाचं," अण्णा म्हणाले. "आणि तू देवाला तांब्याची तार वाहिलीस? दर दहाला?"

ते हसायला लागले. टोपी काढून तिनेच डोळे पुसले, पुन्हा हसले. नायरांनी भाषांतर मागितले. मी अटेन्शनमध्ये उभा राहून सांगितले: यांच्या दुकानात एकला प्रॉफिट म्हणतात, आमच्या खळ्यावर प्रॉफिट देवाचा असतो आणि तो मोजत नाहीत. नायरांनी सगळे लिहून घेतले. मग पेन्सिलीने एक गुणाकार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "अकरा पेट्या, चार-चार वेढे. देवाला एकूण चव्वेचाळीस मिळाले."

कार्यक्रमांत बोलावतात तेव्हा मी ही गोष्ट इथे थांबवतो. लोक हसतात, मग चहा येतो. इथे नुसता कागद आहे, म्हणून पुढचे लिहितो.

उलगडलेल्या तीन पेट्या अण्णांनी आणि मी पुन्हा गुंडाळल्या; बाकीच्यांतले जास्तीचे चार वेढे काढायला एका पेटीमागे दहा मिनिटे लागली. माथुरांनी उरलेल्या सहापैकी चार ट्रान्झिस्टर काढून दिले. त्याच सोमवारी संध्याकाळपर्यंत अकराही पेट्या तयार होत्या. पहिल्या शुक्रवारी कोणी उजवी बाजू उलगडून पाहिली असती, तर तेव्हाही एवढाच वेळ लागला असता. मंगळवारी बाराही पेट्या दिवसभर बेंचवर चालल्या. सबंध बेमध्ये डासांची शिट्टी घुमत होती. एकही ट्रान्झिस्टर कोमटाच्या वर गेला नाही. बुधवारी दोनच्या विमानात आम्ही त्या चढवल्या.

मला चौदा दिवस कॅम्पबंदी मिळाली आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ताशेरा. कारण लिहिले होते, वाइंडिंगच्या कामात निष्काळजीपणा. काचेच्या कपाटासमोर मी जे वाक्य बोललो, ते कोणत्याही कागदावर आले नाही.

गुरुवारी सकाळी साडेआठला माथुरांनी अण्णांना आणि मला बोलावले. त्यांच्या हातात सीमेवरून आलेला बिनतारी सिग्नल होता. त्यांनी तो वाचून दाखवला. फ्लाइंग ऑफिसर पेमय्या रविवारी सकाळी एका आजारी जवानाला आणायला उडाले. परतताना दरीत ढग उतरले. शेवटचा रेडिओ कॉल अकरा वाजून चार मिनिटांचा: "ढगात आहे. काटा मध्यावर. सरळ येतोय." विमान मंगळवारी कड्यावर सापडले. दोघेही गेले.

अपघाताच्या चौकशीत कारण खराब हवामान असे नोंदले गेले. कर्ण्यात बर्फ होता का, हे कोणी लिहिले नाही. मीही ते ठामपणे सांगू शकत नाही. बर्फ पुराव्यासाठी थांबत नाही. रविवारी अकरा वाजून चार मिनिटांनी, पेमय्यांनी स्वतः उडवून पाहिलेली पेटी आमच्या कपाटात लाखेच्या सीलखाली होती, एवढे मी ठामपणे सांगू शकतो.

माथुर म्हणाले, "डिसमिस." आम्ही बाहेर आलो. मला अण्णांना काहीतरी सांगायचे होते. पहिली पेटी का थांबली, हे त्यांना माहीत नव्हते. दाराबाहेरच्या त्यांच्या स्टुलापाशी उभे राहून मी ते सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. रागावले नाहीत. आत जाऊन बेंचवर बसले, डबी उघडली, नवी बॉबिन लावली.

"एक," ते म्हणाले. "दोन. तीन. चार."

दहाला चिंचोका काढला. मी वाट पाहत होतो. पुन्हा "एक." त्या बेमध्ये अण्णांच्या तोंडून लाभ हा शब्द मी परत ऐकला नाही. त्या दुपारी कँटीनमध्ये मात्र त्यांनी कॉफी बाय-टूच घेतली आणि एक पेला माझ्याकडे सरकवला. तो मी प्यालो.

त्या बारा पेट्या पुढे काही वर्षे उडत होत्या. पुढच्या पोस्टिंगमध्ये मला एक वैमानिक भेटला. त्याने विचारले, ती शिट्टी वाजवणारी पेटी कोणी बनवली? मी म्हणालो, वेंकोबा राव म्हणून होते, बसवनगुडीचे. माझे नाव मी सांगितले नाही.

आता मी नोकरी सोडली आहे. घरी एक छोटे वर्कशॉप आहे, शेजाऱ्यांचे पंखे आणि मिक्सर गुंडाळून देतो. वेढे एकपासून मोजतो. पण हँडलला हात लावण्याआधी, तार सैल असताना, एकदा लाभ म्हणतो. ते माप फ्लाइंग ऑफिसर पेमय्यांचे, आणि त्यांच्या मागच्या सीटवरच्या जवानाचे, ज्याचे नाव मला कधी कळले नाही. ते मोजत नाही. एक त्याच्यानंतर.